विंडोज ११ होमवर तीन अकाउंट, आठ महिन्यांनी: बहुतेक तक्रारींचं मूळ कट-पेस्टमध्ये

एक ॲडमिन, दोन स्टँडर्ड अकाउंट, एकच एसएसडी आणि त्यावर फक्त सी ड्राइव्ह. 'ॲक्सेस डिनाइड' (परवानगी नाही) आलं की दोनच सल्ले मिळतात: फॉरमॅट मारा, नाहीतर सगळ्यांना ॲडमिन करून टाका. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात सुरक्षा. आठ महिन्यांत दोन्हींची गरज पडली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पब्लिक फोल्डरने, म्हणजे सगळ्या अकाउंटना सामायिक असलेल्या फोल्डरने. एकाने आपल्या पिक्चर्समधले फोटो कट करून पब्लिक पिक्चर्समध्ये टाकले. दुसऱ्याला नावं दिसतात, पण फोटो उघडत नाहीत. पहिले दोन महिने मी हा विंडोजचा बग धरून चाललो होतो. ते मत आता मागे घेतो. एनटीएफएसचा, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइल्स ज्या पद्धतीने ठेवतं तिचा, नियमच तसा आहे: फाइल कॉपी केली की ती नव्या फोल्डरच्या परमिशन घेते, पण त्याच ड्राइव्हवर मूव्ह केली तर जुन्याच घेऊन येते. दुसऱ्या ड्राइव्हवर मूव्ह म्हणजे आतून कॉपीच, त्यामुळे डी ड्राइव्ह असलेल्यांना हा त्रास सहसा होत नाही. ज्यांच्याकडे फक्त सी आहे, ते अडकतात.

सिक्युरिटी टॅबमध्ये (फाइलवर राइट-क्लिक, मग प्रॉपर्टीज) बघताना एक गोष्ट चकवते. मूव्ह झालेल्या फाइलच्या नोंदींवर 'वारशाने आलेली' ही खूण तशीच राहते. परमिशन दाखवणाऱ्या आयसीएसीएलएस कमांडच्या उत्तरात ती कंसातला आय म्हणून दिसते. ती बघून सगळं ठीक आहे असं समजू नका. यादीत कोणाची नावं आहेत ते वाचा. फक्त सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि एकाच माणसाचं नाव असेल, तर फाइल त्या माणसाच्या प्रोफाइलमधून (त्याच्या अकाउंटच्या खाजगी फोल्डरमधून) उचलून आणलेली आहे.

उपाय एका ओळीचा, आणि तो फाइलच्या मालकाने स्वतःच्या अकाउंटवरूनच करायचा. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, कारण मालकाला परमिशन बदलायचा हक्क असतोच. कमांडचं नाव आय-सी-ए-सी-एल-एस. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं:

आयसीएसीएलएस "सी:\यूजर्स\पब्लिक\पिक्चर्स\*" /रीसेट /टी /सी

शेवटचा तारा विसरू नका. त्याच्यामुळे फक्त आतल्या वस्तू रीसेट होतात, खुद्द फोल्डरला हात लागत नाही. टी म्हणजे आतले सगळे थर, सी म्हणजे एखादी फाइल अडली तरी पुढे चालू. यापुढे पब्लिकमध्ये टाकताना कॉपी करा आणि मग मूळ फाइल डिलीट करा. घरातल्या सगळ्यांना एवढी एक सवय लावली की पुढची डोकेदुखी वाचते.

आता माझा खरा राग: 'कंटिन्यू' बटण. दुसऱ्याच्या फोल्डरवर ॲडमिनने क्लिक केलं की खिडकी येते, कंटिन्यू दाबा म्हणून. त्याच वाक्यात 'परमनंटली' हा शब्द आहे आणि तो कोणी वाचत नाही. एकदा डोकावण्यासाठी दिलेली परवानगी असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या फोल्डरच्या यादीत तुमच्या अकाउंटची कायमची नोंद होते. पुढे तुमच्या अकाउंटवर चालणारा कुठलाही प्रोग्राम न विचारता तिथे पोचतो. मुलांच्या प्रोफाइलमध्ये असं शिरला असाल, तर सिक्युरिटी टॅबमध्ये एडिट दाबून स्वतःचं नाव काढून टाका. इतक्या मोठ्या बदलासाठी इतकं साधं बटण ठेवणं चूक आहे, या मतावर मी ठाम आहे.

जुनी डिस्क जोडणाऱ्यांसाठी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. म्हणून नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्यातली डिस्क त्याला जोडली, तर सिक्युरिटी टॅबमध्ये नावाऐवजी एस-१-५-२१ने सुरू होणारा लांब आकडा दिसतो. ते जुनं अकाउंट. नव्या मशीनवर नाव तेच ठेवलं तरी आकडा वेगळाच असतो. आधी टेकओन (मालकी घेण्याची कमांड), /एफ आणि फोल्डरचा पत्ता, मग /ए /आर /डी वाय. हा /ए महत्त्वाचा. स्टँडर्ड अकाउंटवरून ॲडमिनचा पासवर्ड देऊन टर्मिनल उघडलं, तर ते ॲडमिनच्या नावाने चालतं (हूॲमआय टाइप करून बघा, चालू अकाउंटचं नाव दिसतं), आणि /ए नसेल तर मालकी त्या एका अकाउंटकडे जाते. /ए असला की ती ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाकडे जाते. त्यानंतर आयसीएसीएलएसच्या /ग्रँटने आपलं नाव स्पष्ट लिहून हक्क द्या: नाव:(ओआय)(सीआय)एम, शेवटी /टी. ओआय आणि सीआय म्हणजे हा हक्क आतल्या फाइल्सना आणि फोल्डरनाही लागू, एम म्हणजे मॉडिफाय, घरगुती कामाला तेवढं पुरतं. पॉवरशेलमध्ये (टर्मिनलचाच दुसरा प्रकार) हे कंस अवतरणचिन्हात घाला, नाहीतर एरर येते.

हे प्रयोग सी ड्राइव्हच्या मुळावर किंवा विंडोज फोल्डरवर कधीही करू नका. तिथल्या बऱ्याच फाइल्सची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच सेवेकडे असते आणि ती तशीच हवी. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' उघडत नाही म्हणून काहीजण मालकी घेतात. तो फोल्डर नाहीच, जुन्या प्रोग्रामसाठी ठेवलेला नुसता दुवा आहे, आणि तो मुद्दामच बंद केलेला आहे.

विंडोज होममध्ये लोकल यूजर्सचं व्यवस्थापन नाही म्हणून विंडोज प्रोचे पैसे मोजू नका. नेटप्लविझ (अकाउंट सांभाळायची विंडोजची खिडकी) आणि सेटिंग्जमधलं अकाउंट्सचं पान घरासाठी पुरेसं आहे.

मात्र पासवर्ड माहीत असलेलं दुसरं ॲडमिन अकाउंट आजच करून ठेवा. एकही चालू ॲडमिन उरला नाही, तर परवानगीच्या खिडकीतलं 'येस' बटणच फिकं होतं, आणि मग वरची एकही ॲडमिन कमांड चालवता येत नाही.