घरच्या वर्कशॉपमध्ये लाकूड ठेवायला: तयार रॅक की बनवलेला?

आठ-दहा फुटी फळ्या ठेवायच्या असतील तर रॅक बनवा. तीन फुटांच्या आतले तुकडे, रिपा आणि रंगाचे डबे एवढंच असेल तर तयार घ्या, बनवण्यात वेळ घालवू नका.

तयार रॅक

हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो स्लॉटेड अँगलचा (ओळीने भोकं असलेल्या, काटकोनात वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा): चार खांब, तीन फूट रुंद पत्र्याचे कप्पे, नट-बोल्ट. लांब लाकडासाठी अडचण पुढच्या दोन खांबांची. फळी समोरून ठेवता येत नाही, बाजूने सरकवावी लागते. म्हणजे आठ फुटी फळीसाठी रॅकच्या शेजारी जवळजवळ तेवढीच मोकळी जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत ती मिळत नाही. शिवाय फळी दोन्हीकडे अडीच-अडीच फूट बाहेर लोंबते आणि टोकं वाकतात.

तरीही घेणार असाल तर गेज विचारा. आकडा लहान तितका पत्रा जाड. अँगल 14 गेज आणि कप्पा 18 गेज असलेला बरा. प्रत्येक कोपऱ्याला त्रिकोणी प्लेट हवीच, नाहीतर भरलेला रॅक आडवा डुलतो.

ऑनलाइन मिळणारे भिंतीवरचे लोखंडी ब्रॅकेट बहुधा लाकडी सांगाड्याच्या भिंतींसाठी केलेले असतात. सोबतचे स्क्रू विटेत टिकत नाहीत. 10 मिमीचा अँकर फास्टनर (भिंतीच्या भोकात प्रसरण पावून घट्ट बसणारा बोल्ट) त्यांच्या भोकातून जातो का, ते आधी बघा.

बनवलेला रॅक

हिशोब लाकडाच्या वजनापासून करा. सागवान घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतं. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी सहा किलोची. अशा दहा फळ्यांचा एक थर 60 किलो.

माल लागतो तो एवढाच: 40×40×2 मिमी चौकोनी पाईप एक नग आणि 25×25×2 मिमी एक नग. दोन्ही 20 फुटी, मिळून सुमारे 23 किलो. पहिल्याचे भिंतीला लावायचे पाच-पाच फुटांचे चार खांब, दुसऱ्याचे फळ्या पेलणारे फूट-फूट लांबीचे 16 आडवे हात, प्रत्येक खांबाला चार. खांबांत दोन-दोन फूट अंतर ठेवा, म्हणजे आठ फुटी फळी दोन्ही टोकांना फक्त एक-एक फूट बाहेर राहते. हातांमध्ये उभं अंतर 15 इंच.

दोन ठिकाणी काम बिघडतं. पहिलं, हाताचा कोन. वेल्डिंग थंड होताना हाताला आपल्याकडे ओढतं. खालची शिवण (वेल्डिंगची सलग रेघ) आधी मारली तर हात खाली झुकतो आणि फळ्या घसरतात. आधी टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, पुढचं टोक 10 मिमी वर आहे ना ते तपासा, मग वरच्या बाजूने शिवण घ्या. फॅब्रिकेटरला (वेल्डिंगचं काम करून देणाऱ्याला) ही 10 मिमी कागदावर लिहून द्या, नाहीतर तो सवयीने गुण्यात (काटकोनात) जोडेल.

दुसरं, भिंतीला जोडणी. पोकळ पाईपला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला की पाईप चेपतो. खांबाला वर, मध्ये आणि खाली 5 मिमी पट्टीचे कान वेल्ड करा आणि फास्टनर त्यातून मारा. फास्टनर विटेत बसला पाहिजे, सांध्यात किंवा गिलाव्यात नाही; खोली गिलाव्याची जाडी सोडून मोजा. नऊ इंची विटेची भिंत उत्तम. एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकमध्ये) प्रसरण पावणारा फास्टनर ब्लॉक चुरतो, तिथे केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचा बोल्ट) लागतो. साडेचार इंची पार्टिशन किंवा कोकणातली जांभ्याची भिंत असेल तर खांब जमिनीपर्यंत न्या. भार जमिनीवर, भिंत फक्त रॅक पुढे झुकू न देण्यापुरती.

रेड ऑक्साइड प्रायमरवर ऑइल पेंट दिला तरी हातांवर लाकडी पट्टी बसवा. पावसाळ्यात उघडं लोखंड ओल्या सागाला किंवा बाभळीला टेकलं की काळे डाग पडतात आणि रंध्यानेही सहज जात नाहीत.

फॅब्रिकेटर दर किलोवर सांगतो. त्यात प्रायमर, रंग आणि भिंतीवर बसवणं धरलंय का, ते विचारूनच तयार रॅकच्या किमतीशी तुलना करा.

भाड्याच्या जागेत मात्र स्लॉटेड अँगलच घ्या. भिंतीला भोकं पाडायला मालकाची परवानगी मिळेलच असं नाही, आणि जागा बदलताना तो रॅक पान्याने सुटा होऊन टेम्पोत जातो. लांब फळ्या तिथे वखारीतून लागतील तशाच आणाव्यात.