अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आणि नवी पेठेतील रविवारचा वर्ग

नवी पेठेतील एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी जागतिक इतिहासाचे सत्र होते. ते स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी असले, तरी दोनशे रुपये भरून कोणालाही बसता येते. गेल्या रविवारी विषय होता अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आर्तुरो फ्रोंदिसी यांची १९५८ ते १९६२ ही कारकीर्द.

व्याख्यात्यांनी सुरुवात १९३० च्या सोलापुरातील मार्शल लॉपासून केली. हा मोह आपल्याकडे कोणालाच आवरत नाही, पण या वेळी तो कामी आला. इथे लष्करी अंमल उघडपणे जाहीर होऊन आला. तिकडे निवडून आलेल्या माणसाला खुर्चीवर ठेवूनच त्याचे निर्णय एकेक करून काढून घेतले गेले, हा फरक त्यांनी आधीच स्पष्ट केला.

मग फळ्याचे दोन भाग पडले: ‘लष्कराची मागणी’ आणि ‘फ्रोंदिसींनी काय केले’. १९५५ मध्ये लष्कराने हटवलेले माजी राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांच्याशी गुप्त समझोता करून त्यांच्या बंदी असलेल्या समर्थकांची, म्हणजे पेरॉनवाद्यांची, मते मिळवल्यामुळे सेनापतींचा फ्रोंदिसींवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. १९५९ मध्ये सेनापतींच्या दबावाखाली मुक्त बाजाराचे समर्थक आल्सोगाराय यांना अर्थखाते द्यावे लागले. जानेवारी १९६२ मध्ये क्युबाला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेबाहेर काढण्याच्या ठरावावर अर्जेंटिना तटस्थ राहिला आणि दोनच आठवड्यांत त्याला क्युबाशी संबंध तोडावे लागले. १८ मार्चला ब्यूनस आयर्स प्रांतात पेरॉनवादी फ्रामिनी गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेव्हा फ्रोंदिसींनी आपल्या राष्ट्रपती राजवटीसारखा केंद्राचा अंमल लावून पाहिला. तेही पुरले नाही. २९ मार्चला त्यांना अटक करून मार्तिन गार्सिया बेटावर नेले. १९४५ मध्ये पेरॉनही तिथेच कैदेत होते. राजीनामा मात्र फ्रोंदिसींनी दिला नाही. उपाध्यक्ष गोमेस १९५८ मध्येच पायउतार झाले असल्याने सिनेटचे प्रमुख गीदो यांनी सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतली आणि सेनापतींना स्वतः खुर्चीवर बसता आले नाही. चार वर्षांपूर्वीची ती रिकामी जागा इतकी महत्त्वाची ठरेल, हे मला त्या फळ्यासमोर बसूनच उमगले.

तक्रारी आहेत. परदेशी तेल कंपन्यांचा कडवा विरोधक म्हणून नाव कमावलेल्या माणसाने सत्तेवर येताच त्यांच्याशीच करार केले आणि चार वर्षांत तेलाचे उत्पादन जवळपास तिप्पट झाले, या भागाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. जुने समर्थक दुरावले ते मुख्यतः इथेच. हे वगळले की सगळा दोष लष्करावर ढकलला जातो, आणि मला ते पटले नाही. वाटलेल्या झेरॉक्समध्ये गीदो आणि फ्रामिनी यांच्या नावांची अदलाबदल झाली होती. चूक दाखवल्यावर दुरुस्त प्रत देऊ म्हणाले. ती अजून आलेली नाही. पंख्याच्या खडखडाटामुळे मागच्या दोन रांगांना तारखा ऐकूच येत नव्हत्या.

पुढच्या रविवारी ब्राझीलचे जुआंव गुलार्त आहेत. पैसे भरले आहेत. या वेळी पुढच्या रांगेत बसेन.