घरच्या वाइनची आम्लता मोजायला काय घ्यावं: रंग बदलणाऱ्या पट्ट्या, टायट्रेशनचा संच की पीएच मीटर?

लोडाय गावची झिनफँडेल जातीची द्राक्षं आणून घरी वाइन करणारे इथले, कॅलिफोर्नियातले मित्र दर सप्टेंबरात हे विचारतात. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मीटर घ्या.

कारण सल्फाइट. ते जंतू रोखतं, पण त्यातला अगदी थोडा भागच खरा कामाचा असतो आणि तो किती हे पीएच, म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, ठरवतो (आकडा कमी तितकं आम्ल तीव्र). पीएच ३.२ असेल तर मुक्त सल्फाइट, म्हणजे वाइनमध्ये कशालाही न बांधलेलं, २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) आसपास पुरतं, ३.५ ला ४०, ३.८ ला जवळजवळ ८०. पहिल्या वर्षी मी पट्टीवर ३.४ वाचलं. लाल वाइनने पट्टीच जांभळी झाली होती, रंग जुळवला तो अंदाजानेच, आणि सल्फाइटही त्याच आकड्याच्या हिशोबाने घातलं. फेब्रुवारीत बूच काढलं तर नेलपॉलिशसारखा वास. शेजाऱ्यांच्या मीटरवर ३.८ आलं. वीस लिटर मोरीत ओतली. पट्ट्यांचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

टायट्रेशन एकूण आम्लता सांगतं, म्हणजे जिभेला लागणारा आंबटपणा. १० मिली वाइन हलवून तिच्यातला वायू आधी घालवायचा, मग रंग बदलणारं सूचक (फिनॉल्फ्थॅलिन) घालून ०.१ नॉर्मल (ही तीव्रतेची मोजणी) सोडियम हायड्रॉक्साइड गुलाबी छटा येईपर्यंत थेंब थेंब सोडायचं. लागलेल्या मिलीला ०.७५ ने गुणलं की लिटरमागे ग्रॅम मिळतात. पांढऱ्या वाइनला हे सोपं. लाल वाइन आधी करडी-हिरवट होते, आणि गुलाबी छटा नेमकी कधी आली ते कळतच नाही. मीटर असेल तर पीएच ८.२ ला थांबायचं, रंगाकडे बघायलाच नको. मात्र दर वेळी ४ आणि ७ च्या बफरने (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने) तो जुळवून घ्यावा आणि इलेक्ट्रोड, म्हणजे वाइनमध्ये बुडवायचं टोक, कधी कोरडा पडू देऊ नये.

सल्फाइट मोजायला आयोडीनची रिपर पद्धत स्वस्त आणि झटपट. पांढरीला ती चालते. लाल वाइनमधले रंग आणि टॅनिनही आयोडीन खातात, म्हणून आकडा फुगतो आणि आपण निर्धास्त राहतो. तिथे वाइनमधून हवा सोडून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वायू पेरॉक्साइडमध्ये पकडण्याची पद्धत खरी. नमुन्यामागे पंधरा मिनिटं आणि काचेची भांडी सांभाळण्याचा व्याप. तीन-चार कारबॉय (मोठ्या बरण्या) लाल वाइन करत असाल तर तो व्याप घ्याच.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेने कमजोर होतं आणि आम्लता आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, तेव्हा बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा.