सेंट हेलेना की ट्रिस्टन दा कुन्हा?

दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना आणि ट्रिस्टन दा कुन्हा ही बेटे ब्रिटनच्या एकाच सागरपार प्रदेशात मोडतात, त्यामुळे एका फेरीत दोन्ही पाहून होतील असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये सुमारे 2,400 किलोमीटर समुद्र आहे आणि तेथे पोहोचण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत. निवड एकाचीच करावी लागते, आणि ती करताना आधी हाताशी असलेले दिवस मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

सेंट हेलेनाला ऑक्टोबर 2017 पासून नियमित विमानसेवा आहे. जोहान्सबर्गहून साधारणपणे आठवड्यातून एकदा सुटणारे विमान नामिबियातील वॉल्विस बे येथे इंधन घेऊन त्याच दिवशी बेटावर उतरते, म्हणजे मुक्काम आठवड्याच्या पटीतच ठरवावा लागतो. एक आठवडा पुरेसा आहे: नेपोलियनने अखेरची वर्षे जेथे काढली ते लाँगवुड हाउस, जेम्सटाउनमधील 699 पायऱ्यांचा जेकब्ज लॅडर आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास किनाऱ्याजवळ येणारे व्हेल शार्क एवढ्या दिवसांत निवांत पाहता येतात. राहण्यासाठी हॉटेले आहेत, भाड्याने गाडीही मिळते. जोरदार वाऱ्यामुळे विमान क्वचित लांबणीवर पडते, एवढीच काय ती अनिश्चितता.

ट्रिस्टनवर विमानतळच नाही. केपटाउनहून सुमारे 2,800 किलोमीटरचा प्रवास जहाजाने करावा लागतो, त्यास साधारण आठवडा लागतो आणि अशा फेऱ्या वर्षाकाठी मोजक्याच होतात. मालवाहू जहाजांवर जेमतेम डझनभर प्रवाशांची सोय असते. त्यातही बेटावरील रहिवासी आणि उपचारांसाठी निघालेले रुग्ण यांना प्राधान्य मिळते, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यासाठी दुसरा मार्गच नाही. जहाज पोहोचले तरी छोट्या बंदरात उतरणे समुद्र शांत असेल तेव्हाच शक्य होते, त्यामुळे बेट डोळ्यांसमोर असूनही काही दिवस जहाजावरच थांबण्याची वेळ येऊ शकते. हॉटेल नाही, रहिवाशांच्या घरी किंवा भाड्याच्या छोट्या घरात राहावे लागते. भेटीसाठी बेटाच्या परिषदेची परवानगी आधी घ्यावी लागते. ती हाती येईपर्यंत कोणतेही तिकीट काढू नये.

अडीचशेहूनही कमी माणसांच्या या वस्तीत पाहुणा म्हणून राहायला मिळणे, 1961 च्या ज्वालामुखीने सगळे गाव इंग्लंडला हलवावे लागले असताना 1963 मध्ये परतलेल्या लोकांचे घर पाहणे, याची सर सेंट हेलेनाला येणार नाही. तरीही ठरावीक रजा असलेल्याने, किंवा ज्याला तातडीच्या उपचारांची गरज पडू शकते त्याने, ट्रिस्टनचा बेत करू नये.

ब्रिटिश पौंड दोन्हीकडे चालतात. ते रोख जवळ ठेवावेत. रुग्णाला बेटाबाहेर हलवण्याचा खर्च देणारा विमा दोन्हींसाठी घ्यावा. ट्रिस्टनला जाणाऱ्या भारतीयाला दक्षिण आफ्रिकेत दोनदा प्रवेश करावा लागतो, म्हणून व्हिसा तसाच मागावा आणि केपटाउनहून मुंबईचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे.