आठ फिल्टरचा डिजिटल कलरीमीटर: घ्यावा, पण डोळे झाकून नको

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हा कलरीमीटर, म्हणजे रंगीत द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, येऊन दोन सत्रं झाली. किंमत नऊ हजारांच्या आत, त्यामुळे प्राचार्यांची सही एका फेरीत मिळाली.

आमचं प्रॅक्टिकल ठरलेलं. मोड आलेले मूग बर्फावर ठेवलेल्या खलात वाटायचे, मलमलीतून गाळायचे. पाण्यात ॲसिड फॉस्फटेज हे एन्झाइम उतरतं. त्याला पीएनपीपी (पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट, म्हणजे हे एन्झाइम जो पदार्थ तोडतं तो, त्याचा सब्स्ट्रेट) द्यायचं आणि 15 मिनिटांनी सोडियम कार्बोनेट ओतायचं. एन्झाइम जागच्या जागी थांबतं आणि सुटलेलं नायट्रोफेनॉल पिवळंजर्द होतं. (1913 साली एन्झाइमचा वेग मोजताना मायकेलिस आणि मॉड मेंटेन या शास्त्रज्ञांनीही साखर तोडणारं इन्व्हर्टेज अल्कली घालूनच थांबवलं होतं. त्यांच्याकडे ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणारा पोलॅरिमीटर होता, आमच्याकडे हा.)

पहिल्या बॅचचा आलेख अगदी पुस्तकातला! सब्स्ट्रेट वाढेल तसा वेग चढला, मग झकास सपाट झाला. केएम (सब्स्ट्रेटच्या ज्या तीव्रतेला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती) 0.2 मिलिमोलर. पोरं खूश, मीही खूश. तेवढ्यात एका मुलीने, कंटाळा आला म्हणून असेल, सगळ्यात गडद नळीतलं द्रावण निम्मं पातळ करून पुन्हा लावलं. आधी शोषणाचा आकडा होता 1.48. यायला हवा होता 0.74, आला 0.93. म्हणजे गडद रंगाला यंत्रच कमी आकडा दाखवत होतं, म्हणून आलेख सपाट; थकलं होतं ते यंत्र, एन्झाइम नव्हे! माहितीपत्रकात रेंज 2 पर्यंत छापली आहे. आमच्या नगावर मी 0.9 च्या पुढे जात नाही. आता पाचव्या मिनिटालाच कार्बोनेट घालतो. सुरुवातीचा वेग मोजायचा तर तसंही तेच बरोबर. केएम 0.5 च्या आसपास येतो.

आणखी एक. पुस्तकात 405 नॅनोमीटरला नायट्रोफेनॉलचा मोलर शोषणांक (शोषणाच्या आकड्यावरून तीव्रता काढायचा गुणक) 18,000 च्या जवळपास दिलेला असतो. तो इथे वापरू नका. जवळचे फिल्टर 400 आणि 420 चे, आणि त्यांचा पट्टा रुंद. केएमला धक्का लागत नाही, पण व्हीमॅक्स, म्हणजे कमाल वेग, साफ चुकतो. माहीत असलेल्या तीव्रतांची द्रावणं याच यंत्रावर मोजून नायट्रोफेनॉलची स्वतःची प्रमाण-रेषा काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बाकी बटणं दणकट, आकडा दहा मिनिटांत स्थिरावतो. नळ्या मात्र गोल आहेत, फिरवल्या की रीडिंग हलतं. आम्ही प्रत्येक नळीवर नेलपॉलिशची रेघ ओढली आहे, ती कायम समोर ठेवायची.

पाचपैकी साडेतीन.