रायडिंग गिअर घालूनच उड्डाण: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाईक टूरवर वाटेत टँडम पॅराग्लायडिंग (पायलटसोबत दोघांनी पॅराग्लायडरवर उडणं) किंवा मायक्रोलाइटची (दोन जणांच्या छोट्या हलक्या विमानाची) फेरी करायची, तर त्यासाठी वेगळे कपडे कोण लादून नेणार? अंगावर आहे त्याच गिअरमध्ये उडायचं. काही महिने असं वापरल्यावरचं मत: जॅकेट उत्तम, बूट निवडीवर अवलंबून, हेल्मेट खालीच ठेवा.

दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. त्यात पॅराग्लायडरचा वेग ताशी ३५-४० किमी, उघड्या मायक्रोलाइटचा त्याच्या दुप्पट. मेश (जाळीचं) जॅकेट असेल तर आतलं विंडप्रूफ लायनर खालीच लावून घ्या. हार्नेस (बसायची पट्ट्यांची सीट) चढल्यावर काही करता येत नाही. झीज मात्र होते. खांद्यावरची रिफ्लेक्टिव्ह पट्टी हार्नेसच्या पट्ट्याखाली घासून सोलली आणि कमरेच्या वेल्क्रोत लँडिंगच्या जागेचं वाळलं गवत अडकून त्याची पकड गेली. जुन्या टूथब्रशने बरंचसं निघतं. जाड बॅक प्रोटेक्टरमुळे सीटमध्ये मागे सरकून बसता येत नाही, तो काढलेला बरा. एअरबॅग व्हेस्ट तर काढायचंच. ते फुगायला हार्नेसखाली जागाच नसते.

टेक-ऑफला प्रवाशालाही पळावं लागतं, पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. मध्येच बसलात की टेक-ऑफ फसलाच. कडक घोट्याच्या उंच बुटांत उतारावर पळणं जमत नाही. घोटा झाकणारे आखूड रायडिंग बूट सर्वांत चांगले.

फुल-फेस हेल्मेट दीड किलोच्या आसपास. टँडममध्ये पायलट मागे बसतो, त्यामुळे तुम्ही मान मागे टाकली की हेल्मेट थेट त्याच्या तोंडावर. शिवाय ‘पळा, पळा’ ही हाक जाड पॅडिंगमधून नीट ऐकू येत नाही. तिथलं हलकं हेल्मेट घ्या, आत EN ९६६ (हवाई खेळांच्या हेल्मेटचं युरोपीय मानक) लिहिलंय का बघा. इअरप्लगही काढा. ट्राइक प्रकारच्या (कापडी पंखाखाली तीनचाकी उघडी गाडी असलेल्या) मायक्रोलाइटमध्ये पायलटशी बोलायला हेडसेट देतात. आपला ब्लूटूथ इंटरकॉम त्याला जोडला जाईल या भरवशावर राहू नका.

याच ट्राइकमध्ये प्रोपेलर बहुधा प्रवाशाच्या पाठीमागे असतो. हातातून सुटलेला ग्लव्ह, लेन्स कॅप किंवा फोन सरळ पात्यांत जाऊ शकतो. फोटोसाठी ग्लव्ह काढायची सवय इथे नको. किल्ली चेनच्या खिशात, फोन दोरीला. छातीवरचा कॅमेऱ्याचा चेस्ट माउंट विसरा, हार्नेसचा छातीपट्टा नेमका त्यावरच येतो.

वजन विचारलं की गिअरसकट सांगा. जॅकेट, पँट, बूट मिळून पाच-सहा किलो सहज होतात, आणि टँडम पॅराग्लायडरला वजनाची ठरलेली मर्यादा असते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मळमळीची गोळी. प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेटने झोप येते, आणि उतरल्यावर तुम्हाला बाईक चालवायची असते. गोळीशिवाय जमत नसेल तर उड्डाण मुक्कामाच्या दिवशी ठेवा. एरवी हलकं खाऊन जा, नजर क्षितिजावर ठेवा आणि पोटात ढवळायला लागताच पायलटला सांगा. गिरक्या थांबवून तो सरळ उतरवतो. दुपारच्या तापलेल्या हवेत धक्के जास्त बसतात, म्हणून मायक्रोलाइटसाठी सकाळचीच वेळ मागा. वारा फिरला तर तास-दोन तास थांबावं लागतं. त्या दिवशी लांबचा टप्पा ठेवू नका.