टचपॅड गेले आणि चष्मा हरवला: ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’, आठ महिन्यांनंतर

एप्रिलमधल्या एका दुपारी भाच्याच्या हातून रसवंतीवरून आणलेला उसाचा रस पीएस फाइव्ह या गेम कन्सोलच्या कंट्रोलरवर सांडला नसता, तर ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या व्हिडिओ गेमचा हा अनुभव मी लिहायला बसलोही नसतो. तोपर्यंत सगळे सुरळीत चालले होते, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीचे कौतुक लिहून काढण्याची आम्हा परभणीकरांना फारशी सवय नाही. कन्सोल मेव्हण्याकडून जुना घेतलेला आहे. त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न नव्हताच.

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, शाळेत असल्यापासून निकामी होत गेला आहे. कडेचे दिसते, पण ज्याच्याकडे नेमके पाहावे तेच पुसले जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही 6/18 पेक्षा कमी आणि 3/60 पर्यंत असेल तर तिला अल्पदृष्टी म्हटले आहे, आणि मी त्यातल्या खालच्या टोकाशी आहे. खेळात याचा अर्थ असा, की नेम धरायला पाहिले की शत्रूच गायब होतो. ‘मामा, तुम्ही कुठं बघायलाव? समोरच उभाय की तो!’ हे वाक्य मी भाच्याकडून इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा राग येणेही आता थांबले आहे.

या खेळात दिव्यांग खेळाडूंसाठी साठाहून अधिक सुलभता-सोयी आहेत आणि 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांमध्ये त्याला याच कामासाठी पुरस्कार मिळाला, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. मला त्यांतल्या दोनच सोयींशी कर्तव्य होते. पहिली म्हणजे उच्च कॉन्ट्रास्ट. टचपॅडवर, म्हणजे कंट्रोलरच्या मधल्या स्पर्शपट्टीवर, बोट डावीकडे सरकवले की सगळे रान, भिंती, गवत करडे होते, आपली माणसे निळी, शत्रू लाल आणि उचलण्याच्या वस्तू पिवळ्या दिसू लागतात. दुसरी म्हणजे भिंग: टचपॅडवर दोनदा टिचकी मारायची, चित्र मोठे होते, मग बोट फिरवून हवा तो कोपरा पाहायचा. एखादी चिठ्ठी किंवा तिजोरीचे आकडे मी असेच वाचत होतो. थोडक्यात, इतरांसाठी जी दोन बोटे रुंदीची शोभेची पट्टी आहे, तो माझा चष्मा होता, आणि नेमका त्याच्यावर रस सांडला.

टचपॅड दोन कामे करते, हे इथे सांगणे भाग आहे. ते बटनासारखे दाबलेही जाते आणि बोटाची हालचालही ओळखते. दोन्हींची यंत्रणा वेगळी असते. माझे दाबणे शाबूत राहिले, हालचाल गेली. एसटीने संभाजीनगर गाठून ज्या दुरुस्ती केंद्रात कंट्रोलर दिला, तिथल्या गृहस्थांनी टचपॅड एकदा दाबून पाहिले आणि ‘साहेब, मेनू उघडतोय, कंट्रोलर ओके आहे’ म्हणून कंट्रोलर परत केला. दुसऱ्या फेरीत मी बोट फिरवून दाखवले, तेव्हा द्रव सांडल्याचे निदान झाले आणि नवा कंट्रोलर घेण्याचा सल्ला मिळाला. वर, दिसण्याची अडचण असेल तर टीव्हीच मोठा घ्या, असेही सुचवण्यात आले. हा सल्ला मला आयुष्यभर मिळत आला आहे. टीव्ही मोठा केला की अंधारात उभा असलेला शत्रू मोठा होतो आणि त्याच्यामागचा अंधारही तेवढाच मोठा होतो. आकाराइतकाच प्रश्न वस्तू पार्श्वभूमीपासून सुटी दिसण्याचा आहे. म्हणून तर मायक्रोसॉफ्टच्या सुलभता-सूचनांत कन्सोलवरील अक्षर 1080 पिक्सेल उंचीच्या पडद्यावर किमान 26 पिक्सेलचे असावे एवढेच सांगून न थांबता, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात 4.5 ला 1 इतका फरकही मागितला आहे.

नव्या कंट्रोलरचे पैसे मोजायला मन तयार होईना, म्हणून तीन आठवडे मी टचपॅडवाचून खेळलो, आणि इथे माझे एक मत बदलले. कॉन्ट्रास्ट मेनूतून कायम चालू ठेवता आला. भिंगाला मात्र पर्याय नव्हता. नाइलाजाने मी आवाजाच्या सोयींकडे वळलो. आतापर्यंत त्या पूर्ण अंध खेळाडूंसाठी आहेत, आपल्याला अजून दिसते, अशा एका फुकटच्या अभिमानाने मी त्या बंद ठेवल्या होत्या. डावी स्टिक दाबली की पात्र पुढच्या वाटेकडे तोंड करते. कान देऊन ऐकण्याच्या अवस्थेत एक बटन दाबले की शत्रू आणि दुसरे दाबले की वस्तू कोणत्या दिशेला आहे, हे ध्वनीने कळते. या खेळासाठी सल्ला देणाऱ्यांत ब्रँडन कोल हे अंध गेमर होते, आणि ते काम किती बारकाईने झाले आहे, हे मला डोळे मिटून एक पूर्ण चकमक जिंकल्यावर पटले. मेनू आणि चिठ्ठ्या वाचून दाखवणारा आवाज मात्र मराठीत नाही, इंग्रजीत ऐकावा लागतो. मला तो पुरतो. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या माझ्या एका मित्राला, ज्याची नजर माझ्यापेक्षाही कमी आहे, तो पुरत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी या साठ सोयींतल्या निम्म्या असून नसल्यासारख्या आहेत.

टचपॅडवरची कामे दुसऱ्या बटनांना नेमून देता येतात, हेही मला याच काळात कळले, म्हणजे एसटीच्या दोन फेऱ्यांचे भाडे गेल्यावर. भिंग फिरवायला बोटच लागत असल्याने त्याचाही उपयोग अर्धाच झाला.

शेवटी बाजारातल्या एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाने कंट्रोलर उघडला, टचपॅडची चपटी पट्टी काढली, तिच्या टोकावरची वाळलेली साखर अल्कोहोलने पुसली आणि पट्टी पुन्हा बसवून दिली. वीस मिनिटांचे काम, दीडशे रुपये. दोन महिने झाले, बोट एकदा सरकवले की कॉन्ट्रास्ट लागतो. उजव्या कोपऱ्यात भिंग अजून किंचित अडखळते, त्यासाठी मी पुन्हा पैसे घालणार नाही. कमी दिसणाऱ्या कोणाला जुना कंट्रोलर घ्यायचा असेल, तर टचपॅड दाबून नव्हे, बोट फिरवून पाहा. भाच्याने रस बाहेर ओट्यावर संपवून, हात धुऊन मगच आत यावे, असे ठरले आहे.